काय कमी करता येईल?

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा. मावशीने दारातच मिठी मारली, मग लांब धरून न्याहाळलं आणि म्हणाली की वाळलायस, पण शोभतंय. मागची खोली मला दिली आहे. पलंग, टेबल, खुर्ची आणि एक खिडकी. खिडकीतून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात आणि चादरींच्या वर थोडं आकाश. मला एवढं पुरे आहे.

मावशी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, मध्ये स्वतः एक शब्द बोलायची सोय नव्हती. त्याची भरपाई आता चालू आहे. मी बशा पुसत होतो तेवढ्यात तिने अख्ख्या इमारतीची कुंडली सांगून टाकली. फ्रिजवर माझा आणि धाकट्याचा लहानपणचा फोटो आहे. तो धरून ठेवणारं चुंबक नेमकं माझ्या तोंडावर आलंय. मी ते हळूच धाकट्याच्या तोंडावर सरकवलं.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. मोठा मी, मार्क जास्त माझे, आणि नोकरी आधी त्याला. आईचा फोन आला की आधी त्याची बढती, मग माझी तब्येत. पण आता हे चित्र पालटणार. परवा ज्या कंपनीत मुलाखत आहे ती सल्लागार कंपन्यांमध्ये सगळ्यात मोठी. भलेभले कारखानदार आणि बँकवाले यांच्याकडे येऊन विचारतात की आमचं कुठे चुकतंय, आणि हे लोक बसल्या जागी सांगतात. तिथे लागलो की धाकटा मला दादा म्हणताना जरा मान खाली घालील. आज फार छान वाटतंय.

६ मार्च, बुधवार

मुलाखत झाली. म्हणजे सुरू झाली असं म्हणायला हवं.

लिफ्टचं दार उघडलं की समोर भिंतभर अक्षरं: ‘आम्ही सल्ला देऊन थांबत नाही, तो अमलात आणतो.’ स्वागताच्या टेबलाशी मोत्यांची माळ घातलेली एक बाई. आवाज मऊ, नजर घड्याळावर. मी तिचं नाव मोतीबाई ठेवलं. तिने आम्हा उमेदवारांना काचेच्या खोलीत बसवलं. तिथले सोफे इतके बुटके की गुडघे हनुवटीला टेकतात. माणूस कितीही शिकलेला असो, तसं बसल्यावर बावळटच दिसतो.

आत तीन साहेब. पहिला म्हणाला, स्वतःबद्दल सांगा. सांगितलं. दुसरा म्हणाला, स्वतःबद्दल सांगा. मघाशी त्याचं लक्ष नसेल असं समजून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यानेही तेच विचारलं तेव्हा माझं आयुष्य मलाच कंटाळवाणं वाटायला लागलं. मग या शहरात न्हावी किती असतील, हा प्रश्न. मी लोकसंख्या, केस वाढण्याचा वेग वगैरे धरून आकडा काढला, तर पांढऱ्या भुवयांचे थोरले साहेब म्हणाले की टक्कल पडलेले वजा करायचे राहिले. तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता, याचं उत्तर मी घोकून गेलो होतो: मी कामात फार गुंतून जातो. दुसऱ्याने जांभई दिली.

दुपारपर्यंत एकेकाला घरी पाठवत शेवटी आम्ही दोघे उरलो. जागा एकच आहे. दुसऱ्याला मी इस्त्री म्हणतो, कारण त्या सोफ्यावर बसूनही त्याच्या शर्टाला सुरकुती पडत नाही. त्याला त्याची बहीण गाडीने सोडायला येते आणि तो आत जाईपर्यंत हात हलवत उभी राहते. आणि हसतो कसा, तर मान मागे टाकून, मनापासून. तो हसला की मोतीबाई हसते, शिपाई हसतो, काच पुसणारासुद्धा हसतो. मी सकाळपासून दोन विनोद केले होते, दोन्ही वाया गेले. त्याने मला अर्धं सँडविच देऊ केलं. सँडविच चांगलं होतं. माणूस मला अजिबात आवडला नाही.

८ मार्च, शुक्रवार

सकाळी बोलावलं. साहेब बैठकीत आहेत, दुपारी बघू. दुपारी म्हणाले, संध्याकाळी बघू. संध्याकाळी मोतीबाईने सांगितलं की साहेब मागच्या दाराने गेले, सोमवारी या. हे मला सांगताना ती पर्स आवरत होती. इस्त्रीला हेच सांगायला मात्र ती उठून उभी राहिली, वर त्याच्या बहिणीची चौकशी केली. माझ्या घरच्यांची चौकशी कोणी केलीच तर ती धाकट्याची असते.

दिवसभर त्या सोफ्यावर बसून मी इस्त्रीला बघत होतो. तो कधी हसतो, कोणाशी किती बोलतो, पाणी पिताना डोळे कसे मिटतो, सगळं. एखादा माणूस डोळ्यांत खुपायला लागला की त्याचा अभ्यास आपोआप होतो.

११ मार्च, सोमवार

आज खरी परीक्षा झाली, आणि मी बाजी मारली असं वाटतंय.

आम्हाला वेगवेगळं आत बोलावलं. पांढऱ्या भुवया म्हणाले की दुसऱ्या उमेदवाराला एक कंपनी समजा. त्याचा वेळ आणि शक्ती कुठे जाते ते तुम्ही पाहिलंच असेल. त्याच्यातून काय कमी करता येईल? शिफारस एकच करायची आणि ती कमी करण्याचीच. वाढवायचं काही सुचवायचं नाही. त्यांच्याकडे नव्या माणसाला म्हणे असंच पारखतात.

माझा अभ्यास तयारच होता. मी म्हणालो, हसणं. दिवसातला केवढा वेळ हा माणूस हसण्यात घालवतो आणि आसपासच्यांचाही घालवतो. साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मला पहिल्यांदाच कोणी मधे तोडलं नाही. शिफारस नक्की ना, असं कोपऱ्यात टिपणं घेत बसलेल्या मोतीबाईने विचारलं आणि मी मान डोलावली.

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती म्हणाली की हे कसले मेले प्रश्न, माणूस काय पँट आहे खालून कापायला? मी म्हटलं, तुला नाही कळायचं, ही आधुनिक पद्धत आहे.

१४ मार्च, गुरुवार

इस्त्री हसत नाहीये.

शिपायाचा पाय पायपुसण्यात अडकला आणि ट्रेसकट तो कुंडीत बसला. मी पोट धरून हसलो, मोतीबाईने तोंडावर रुमाल धरला. इस्त्रीने शांतपणे कप उचलून दिले. त्याचं तोंड हसायला जिथून सुरुवात होते तिथे काही हललंच नाही. मुलाखतीचा ताण आला असेल, एवढंच मला वाटलं.

गंमत अशी की साहेब त्याच्यावर खूश आहेत. तो आत केवढा वेळ होता. तो बाहेर आल्यावर मोतीबाई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की हल्ली ते किती नेमकं बोलतात. म्हणजे शिफारस माझी आणि कौतुक त्याचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशीने वाढलेलं ताट तसंच सारलं.

१८ मार्च, सोमवार

पुन्हा तोच प्रश्न. काय कमी करता येईल?

यावेळी मी म्हणालो, बहीण. मोठ्या माणसाला रोज बहिणीने सोडायला यायचं म्हणजे काय? असं कोणावर अवलंबून राहणं कंपनीला परवडणारं नाही. मला वाटलं होतं, ते त्याला समज देतील आणि उद्यापासून तो माझ्यासारखा बसच्या रांगेत उभा राहील. मी एवढंच मनात धरलं होतं. देवाशपथ एवढंच.

२० मार्च, बुधवार

घडलं तसं लिहितो.

इस्त्री चालत आला. बहीण फाटकापाशी उभी होती, गाडी तशीच रस्त्यात सोडून. तिने त्याला लहानपणच्या लाडक्या नावाने हाक मारली. त्याने वळून पाहिलं, वाटेत अनोळखी कोणी आल्यावर आपण होतो तसा बाजूला झाला आणि पुढे गेला. ती मागे धावली. त्याने अदबीने सांगितलं की ताई, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. ताई म्हणाला, पण कुठल्याही बाईला म्हणावं तसं.

मी त्याला काचेच्या खोलीत गाठलं. म्हटलं, अरे, तुझी बहीण खाली रडतेय.

“कुठली बहीण?” तो म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. त्याला माझी कीव आल्यासारखं वाटलं. त्याने मला पाणी आणून दिलं. मी ते प्यालो आणि लिफ्टसमोरच्या भिंतीवरची ती अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली: ‘अमलात आणतो.’

२१ मार्च, गुरुवार

जाणार नाही. संपला विषय. मावशीला म्हटलं, पोट बिघडलंय.

दिवसभर मनात एकच. मी त्याचं काढलं, तसं तो माझं काढत असेल. त्यालाही तोच प्रश्न विचारतात. मला कोण आहे? एक मावशी. आई धाकट्याची, सगळे नातेवाईक धाकट्याचे, पण मावशीने लहानपणापासून मला जवळ घेतलं. धाकट्याच्या आधी माझ्या हातावर खाऊ ठेवणारी ती एकटीच. तो म्हणाला, मावशी काढा, तर?

दर थोड्या वेळाने स्वयंपाकघरात जाऊन तिला बघून येतोय. मी कोण ते सांग, असं एकदा विचारलं. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

२२ मार्च, शुक्रवार

धाकट्याने गाडी घेतली. आईने फोनवर गाडीचा रंग सांगितला, आतल्या गाद्यांचा रंग सांगितला, मग मला विचारलं की तुझ्या त्या मुलाखतीचं भिजत घोंगडं अजून तसंच का. मी फोन मावशीकडे दिला. मावशीही धाकट्याबद्दल म्हणाली, गुणी आहे हो पोर.

सोमवारी जाणार आहे. जागा मलाच मिळायला हवी. फक्त शिफारस करणार नाही, गप्प बसेन.

२५ मार्च, सोमवार

गप्प बसलो नाही.

आत जायच्या आधी मोतीबाईला विचारलं की इस्त्रीने माझ्याबद्दल आजवर काय सांगितलंय. मला वाटलं, ती सांगणार नाही. तिने लगेच सांगितलं. दोन्ही वेळा तो एवढंच म्हणाला होता की माणूस चांगला आहे, काही काढू नका. साहेब नाराज झाले तरी ऐकेना. “तुमच्यासाठी त्यांनी जागा घालवायची तयारी ठेवली,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, थोडी. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि पोटात भडका उडाला. हसू गेलं, बहीण गेली, तरी हाच मोठा. चांगुलपणासुद्धा याच्याच नावावर. मी काहीही केलं तरी लोकांच्या डोळ्यांत पाणी येणार ते याच्यासाठी.

आत गेलो. त्यांनी प्रश्न विचारायच्या आधीच मी बोललो. म्हणालो, त्याचा चांगुलपणा काढा.

पांढऱ्या भुवया पहिल्यांदाच हसले.

२६ मार्च, मंगळवार

काय करून बसलो. आता त्याला मला वाचवावंसं का वाटेल? उद्या शेवटची फेरी आहे. दोघांना एकत्र बसवणार आहेत.

मावशीजवळ बसून आहे. ती बोलतेय, मी ऐकतोय. तिची तीच ती इमारतीची कुंडली. मला सगळं ऐकून ठेवायचंय.

२७ मार्च, बुधवार

समोरासमोर खुर्च्या. इस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. टेबलाकडे बघावं तसं पाहिलं.

आधी मला विचारलं. मी म्हणालो, त्याचं काढलेलं सगळं परत द्या. हसणं, बहीण, सगळं. मी हात जोडले. पांढऱ्या भुवया म्हणाले की आपल्याकडे शिफारस फक्त कमी करण्याची असते, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणजे माझी पाळी गेली.

मग त्याला विचारलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत निरखलं. मनात एकच धावा: मावशी नको, मावशी नको.

“यांचा हेवा काढा,” तो म्हणाला. “यांचा सगळा वेळ तिथे जातो. बाकीचं सगळं त्यावरच चालतं. मुळासकट काढा.”

मोतीबाईने विचारलं, नक्की ना. तो हो म्हणाला.

मी हसत सुटलो. हेवा! काढा म्हणालो, खुशाल काढा. रस्ताभर हसत आलो. मावशी आहे. मावशी माझीच आहे. तिला उचलून गोल फिरवलं, ती ओरडली की अरे कंबर मोडशील.

२९ मार्च, शुक्रवार

दुखरा दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिथे जाते, तसं चाललंय. जातो आणि बघतो. काही नाही.

धाकट्याचा फोन आला. गाडीबद्दल अभिनंदन केलं. मनापासून. तो गोंधळून म्हणाला, दादा, तू बरा आहेस ना? मी बरा आहे. झोप छान लागते. मावशी म्हणाली की चेहरा कसा निवळलाय.

इस्त्रीने माझ्यावर उपकारच केले असं सकाळी वाटत होतं.

१ एप्रिल, सोमवार

मोतीबाईचा फोन. जागा मला मिळाली. तुमच्या शिफारशी अचूक होत्या, ती म्हणाली, आणि आता तुम्ही हलकेही झालात. मी बरं म्हणालो.

मावशी नाचली. शेजारणीला बोलावून सांगितलं. मी उभा होतो. हे सगळं कशासाठी केलं होतं ते आठवत होतो. धाकट्याने मान खाली घालावी म्हणून. त्याने मान वर ठेवली काय, खाली घातली काय. मग नोकरी तरी कशाला?

दुकानात शर्ट घ्यायला गेलो. एकही निवडता आला नाही. पूर्वी दुसऱ्याच्या हातातला बघून तोच हवा वाटायचा. दुकानदार विचारत राहिला, रंग कुठला आवडतो साहेब. कुठला आवडतो?

२ एप्रिल, मंगळवार

जेवायला काय करू — मावशी विचारते. काहीही. सकाळी, दुपारी — काहीही. तिने चार वेळा विचारलं. भूक आहे की नाही तेही शोधावं लागतं.

कंपनीच्या फाटकाशी इस्त्रीची बहीण दिसली. ती अजून येते. मला वाईट वाटायला हवं होतं. कुठे वाटतं ते — ती जागा —

मुळासकट म्हणाला होता. मला वाटलं, हेवा वर वर असेल, तणासारखा. पण माझं सगळं त्यालाच लागलेलं होतं. अभ्यास, नोकरी, मावशीसुद्धा. धाकट्याच्या आधी मला खाऊ द्यायची, म्हणून ती माझी. आता —

३ एप्रिल

माझ्यातलं काय गेलंय ते मावशीला कळलं. मी काही सांगितलं नाही, तरी.

ती धाकट्याचे गोडवे गात बसलीय. मुद्दाम. तो दिसायला तुझ्यापेक्षा देखणा, म्हणते. पहिल्यापासून माझा लाडका तोच, म्हणते. खोटं आहे ते. तिलाही माहीत, मलाही. बोलताना माझ्याकडे टक लावून बघते — काही हलतंय का.

नाही हलत.

४ एप्रिल

लिहितोय, ती समोर बसली आहे. रडतेय. मघापासून —

“चीड ना रे माझ्यावर. एकदा तरी चीड.”

वही मिटत नाही मी. लिहीत राहिलो तर निदान —

तिने माझा हात धरलाय. गरम आहे. हे कळतं. ती म्हणते, काहीही माग, तुला काय हवंय ते माग, मी देते. मी शोधतोय. खरंच शोधतोय, मावशी, थांब. हां — नाही. ते हवंसं वाटणं तिचं आहे. मला — मला हवंय —